कुरण वर आलं

माउयिन नदीकाठ,
८ डिसेंबर २००४

प्रिय रोसेन्दो,

आपलं कुरण वर आलं.

तू म्हणशील, ताईने खुशाली न विचारता हे काय एकदम! पण हे एक वाक्य लिहायला मी चव्वेचाळीस वर्षं थांबले आहे, म्हणून आधी तेच. यंदा उधाणाची भरतीसुद्धा बाबांनी ठोकलेल्या शेवटच्या खुंटापर्यंत पोचली नाही. लहानपणी आपण गाई वळायचो, त्या सगळ्या पट्ट्यावर मांडीभर गवत आहे. खारट नाही, गोड. मी चावून पाहिलं.

साठ सालच्या भूकंपाच्या त्या रविवारी तू बारा वर्षांचा होतास आणि इथे होतास. मी आंकुदला, सिस्टरांच्या शाळेत. सगळ्या मुली अंगणात गुडघे टेकून रडत होत्या आणि सिस्टर गिसेला म्हणत होत्या, “रडा, पण भिंतीपासून लांब सरकून रडा.” आठवड्याने घरी आले, तर समुद्राची लाट कधीच परत गेली होती; पाणी मात्र गेलं नव्हतं. कुरण पुरुषभर खाली बसलं होतं आणि रोज दोनदा भरती त्याच्यावर येऊन निजत होती. बाबा एवढंच म्हणाले, “जमीन दमली आहे. बसली आहे. उठेल.” आठ वर्षांनी तू त्यांना विचारलंस, “तोवर आम्ही काय चिखल खायचा?” आणि दूर दक्षिणेला पुन्ता अरेनासची बोट धरलीस. तुझं चुकलं असं मी कधीच म्हटलं नाही. खरंच आम्ही कितीतरी वर्षं शिंपल्या आणि बटाटे यांवरच काढली. आईच्या शवपेटीला तू आणि बाबा, दोघांनी खांदा दिलात, एक पुढून, एक मागून, आणि एकमेकांशी एक शब्द बोलला नाहीत. ते मला अजून दिसतं.

दर वर्षी जूनमध्ये सान हुआनच्या सणाला बाबा भरतीच्या कडेला लुमाच्या टणक लाकडाचा एक खुंट ठोकत. शेजारचे सेलेदोनियो कुंपणावरून ओरडत, “काय एवारिस्तो, माशांना चरायला कुरण राखलंस का?” बाबा ठोकतच राहत. आणि खुंट नदीकडे सरकत होते. कधी वीतभर, कधी पाऊल, कधी मुळीच नाही.

मार्चमध्ये माझी लेक निएवेस विद्यापीठातल्या सोबत्यांना घेऊन आली आणि तिने कुरणात छातीएवढा खड्डा खणला. आत काय होतं सांगू? वरून खाली काळी माती, राखाडी गाळ, वाळू, त्याखाली पुन्हा काळी माती, गाळ, वाळू, त्याखाली पुन्हा. काळी माती म्हणजे जुनं कुरण, वाळू लाटेने आणलेली, गाळ भरतीने. बाबांना समजावं म्हणून तिने त्यांचा पोंचो, ती अंगावरची लोकरी घोंगडी, जेवणाच्या टेबलावर पसरला आणि कडेने तळहाताने रेटला. मधे फुगवटा आला. “आजोबा, समुद्राचा तळ आपल्या जमिनीखाली सरकत येतो, पण घासून अडकतो आणि जमिनीला असा रेटतो. म्हणून आपण शेकडो वर्षं हळूहळू वर येतो. मग एक दिवस अडकलेलं सुटतं.” तिने हात काढला, कड बाहेर ओढली. फुगवटा बसला. “हाच भूकंप. आणि दुसऱ्या दिवसापासून रेटणं पुन्हा सुरू.”

बाबा पंच्याऐंशी वर्षांचे आहेत. काठी टेकत खड्ड्याच्या कडेला गेले आणि काळे थर मोजले. एक, दोन, तीन, चार. “म्हणजे हे माझ्या आधीही बुडलंय. आणि दर वेळी उठलंय.” मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “मग मी वेडा नव्हतो, ओतिलिया.”  मी मान डोलावली.

गेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर सेलेदोनियोंनी बाबांना विचारलं, आमच्या चार गाई सोडू का तुझ्या गवतात? बाबा म्हणाले, “आधी माशांना विचारून ये.” अख्खं चर्च हसलं, सेलेदोनियोही. गाई मात्र येणार आहेत.

पण हे पत्र मी माझ्या आनंदासाठी लिहीत नाही. जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी कुरणात मिंगा आहे, सगळ्या शेजाऱ्यांनी मिळून करायची पहिली कापणी. तुला आपली रीत ठाऊक आहे : ज्याचं काम, त्यानेच दारोदार जाऊन विनवायचं, निरोप धाडायचा नाही, आणि ज्याला विनवलं त्याने नाही म्हणायचं नाही. बाबांनी उभ्या आयुष्यात कुणाला विनवलं नव्हतं. या आठवड्यात ते नदीकाठच्या एकोणीस दारांत जाऊन आले. विसावं दार त्यांच्या पायांना लांब आहे. म्हणून आज सकाळी ते माझ्या टेबलासमोर उभे राहिले, टोपी काढून छातीशी धरली आणि म्हणाले, लिही : “रोसेन्दो बार्रिया, मी तुझ्या दारात उभा आहे. माझं गवत कापायला ये, मुला.” मी बस म्हटलं तर बसले नाहीत. हे पाकीट बंद होईपर्यंत टोपी डोक्यावर घालणार नाही म्हणतात, तेव्हा मी इथेच थांबते.

तुझीच ताई,
ओतिलिया