थुंकलेली नास

अन्नादादा,

सरहद्दीवरून तू पाठवलेली नासची पुडी पोचली. बाबांना अजून दिलेली नाही.

अन्ननलिकेतली गाठ कळल्यावर त्यांनी सिगारेट सोडली आणि नासची ही हिरवी तंबाखू जिभेखाली धरायला लागले. "धूर नाही, गिळत नाही, थुंकून टाकतो. मग आत जाईल कशी, पोरी?" आपल्यालाही ते पटलं होतं.

काल गोंबद शहरातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थुंकतात तो नुसता चोथा. निकोटिन जिभेखालूनच रक्तात उतरतं आणि गाठीला पसरायला बळ देतं." गाठ यकृतापर्यंत गेली आहे. त्यात नासचा वाटा किती, ते त्यांनाही सांगता येईना.

आज कोमट चहासुद्धा बाबांच्या घशाखाली उतरला नाही. मग त्यांनी हात पुढे केला. "अन्नाकडून पुडी आली का गं?"

ओढणीखाली पुडी घट्ट धरून मी नाही म्हटलं.

"तो कधी विसरत नाही. त्याला काही झालं तर नसेल?"

तेव्हापासून ते दाराकडे डोळे लावून बसलेत.

हे पत्र टाकलं, तर तू जन्मभर स्वतःला काय म्हणशील, याची भीती वाटते. नाही टाकलं, तर पुढची पुडी येईल.

तुझी,
ओगुलगेरेक