सोळा फरशांत बसवलेला सारस

तीर्थरूप हिसानोताईच्या पायांवर धाकट्या यासुएचं डोकं टेकलेलं आहे असं समजून घ्यावं. (खरंच टेकवलं असतं, पण वाकले की कंबर तिथंच मुक्काम करते.) तिकडे नारात थंडी पडली असेल. गुडघे काय म्हणतात? सलगमाचं लोणचं मिळालं असेलच. मिळाल्याचं कळवलं नाहीस, म्हणजे आवडलेलं दिसतंय. मी नेहमीसारखी पोरं शिकतात त्या सोप्या अक्षरांत लिहिते आहे, तुझ्या डोळ्यांना त्रास होईल, पण वाच.

पत्राला कारण आपल्या गल्लीतलं ओगुराचं सार्वजनिक न्हाणीघर, त्सुरुनोयु. उन्हाळ्यात हौदावरच्या भिंतीचा एक तुकडा निखळला, आडव्या सोळा नि उभ्या सोळा फरशांचा. तिथे ओगुराला नावातलं 'त्सुरु', म्हणजे सारस, हे एकवीस रेघांचं एकच अक्षर हवंय, निळ्या फरशांचं. गवंडी गुरुवारी येतोय. सिमेंटने एकदा धरलं की ते आपल्या दोघींनंतरही तिथंच राहणार. चुकलं, तर गल्लीने पन्नास वर्षं भलत्याच पक्ष्याखाली अंघोळ करायची.

त्याने आधी तुलाच विचारलं होतं, हे मी विसरलेले नाही. तू विसरू देशील असंही नाही. तू कुंचल्याने लिहिलेला सारस पाहून ओगुराचे डोळे भरून आले. मग माझ्या नातीने, मिसुझुने, तो फरशांच्या चौकटीत मोजून बसवून पाहिला. ताई, तुझा तो शेपटीचा झोकदार फराटा जिना उतरल्यासारखा उतरला आणि बाकीच्याचा निळा लगदा झाला. तुला कळवलं, तर तुझं उत्तर आलं की सारसाला कोंबड्यांच्या खुराड्यात कोंबणाऱ्यांशी तुझा काही संबंध नाही. वाक्य फार सुरेख होतं. (मिसुझुकडून वाचून घेतलं. मला पत्र लिहिताना तू अवघड चिनी अक्षरं मुद्दाम शोधून घालतेस, की ती आपली आपण येतात?)

आता मिसुझुची नोकरी ऐक. ती व्हिडिओ खेळांच्या कंपनीत अक्षरं बनवते. टीव्हीच्या पडद्यावरची, ठोकळ्याठोकळ्यांची, एकेक अक्षर आडव्या-उभ्या आठ घरांत, नाहीतर सोळा घरांत. हल्लीची यंत्रं लोण्यासारखी गुळगुळीत अक्षरं काढतात, तर ही शिकलेली मंडळी ती मुद्दाम फोडून त्यांचे ठोकळे करतात आणि त्याला 'जुन्या काळची शान' म्हणतात. जुना काळ म्हणजे कधीचा, तर चाळीस वर्षांपूर्वीचा! माझं भाताचं पातेलं त्याहून जुनं आहे, त्याची शान कोणी विचारत नाही. सदऱ्यावर ठोकळे, कॉफीच्या पेल्यावर ठोकळे, बिस्किटांच्या डब्यावर ठोकळे. तिच्या मैत्रिणीने तर लग्नाची पत्रिकाच तशी छापली. मला वाटलं लग्न टीव्हीच्या आतच लागणार आहे.

तर मिसुझु तीन दिवस संगणकावर घरं भरत नि पुसत बसलेली. मागे बसून बघवेना, म्हटलं, "सरक गं जरा."

"आजी, तुला नाही कळायचं. हे पिक्सेल आहेत."

"असतील तुझ्या ऑफिसात. आमच्यात यांना घरं म्हणतात."

अगं, बारा वर्षांची असल्यापासून निशिजिनच्या हातमागवाल्यांसाठी मी चौकटीचे कागद रंगवले. एक घर म्हणजे एक धागा. (तू तेव्हा शाळेत अक्षरं गिरवत होतीस. टोमणा नाही, सहज आठवलं.) शेवंतीची गोल पाकळी मी चौकोनांतून वळवलेली आहे. घर भरणं कोणालाही जमतं, कुठलं रिकामं सोडायचं ते कळायला जन्म जातो. सारसाच्या रेघा एकवीस आणि घरं सोळा. दोन रेघांमध्ये एक घर मोकळं नको? चौकटीचा कागद नि लाल पेन्सिल घेतली आणि चार रेघा उडवल्या.

"आजी! अशा कुठल्याही रेघा गाळतात होय?"

"पाहुणे जास्त नि अंथरुणं कमी असली की चौघांना शेवटच्या गाडीने परत पाठवावंच लागतं."

पोरीने उडवलेल्या रेघा मोजून पाहिल्या. मग म्हणते, कंपनीतही असंच गाळतात, तिला शिकायला सहा महिने लागले. तिच्या साहेबाला आता मला भेटायचंय. मी केस रंगवून घेतले आहेत.

थोडक्यात, सारस तयार आहे, गल्ली वाहवा करते आहे, आणि कुंचल्यावाचून कोणाचंही अडलेलं नाही, एवढं आनंदाने कळवावं म्हणून हा पत्रप्रपंच. पाठीला ऊन देत जा.

तुझी,
यासुए

ता. क. गल्ली वाहवा करते, कारण गल्लीला नाव आधीच ठाऊक आहे. परवा एक परगावचा पार्सलवाला माझा कागद बराच वेळ निरखून म्हणाला, "आजीबाई, हा नकाशा कुठल्या स्टेशनाचा?"

ता. क. आणखी एक. मला घरं कळतात गं, अक्षर कळत नाही. साठ-पासष्ट वर्षं त्या न्हाणीघरात जाते आहे, ती धुरांड्याचा धूर बघून. पाटी कधी वाचलीच नाही. उडवलेल्या चारांत सारसाचा पाय गेला की नुसतं एखादं पीस, हे तूच सांगू शकतेस. मिसुझुला विचारलं तर ती म्हणते, "गोड दिसतंय." कागद सोबत घातला आहे. नाहीतर बुधवारच्या गाडीने तूच ये.

ता. क. शेवटचं. नाही म्हणायची सोय ठेवलेली नाही. अक्षर तू तपासून दिलंस असं मी ओगुराला सांगून बसले आहे, आणि त्याने तुझ्या नावाची खालची फरशी भट्टीत भाजायलासुद्धा टाकली.