हात सरळ होण्याआधी

मी, लक्ष्मण सखाराम पवळे, वय बहात्तर, राहणार महाळुंगे, तालुका खेड, जिल्हा पुणे, शिक्षण सातवी, पूर्वी कंपनीत फिटर, आता घरीच, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. तसे डॉक्टर योगिनी यांनी लिहून दिले असून तो कागद सोबत जोडला आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही. मुलगा दाखवतो, पण तो मी हे लिहू नये म्हणून.

घाईचे कारण असे की, येत्या सोमवारी चिंचवडला माझ्या उजव्या हाताचे ऑपरेशन आहे. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट अशी दोन बोटे तळव्यात वळून बसली आहेत. भूल फक्त हातापुरती देणार, मी जागाच असणार, असे डॉक्टर म्हणतात. पण हातात सोडलेले औषध हातातच थांबेल याची हमी त्यांनी लिहून दिलेली नाही. मी मागितली होती.

कलम १. राहते घर माझ्यामागे पत्नी सुभद्राबाई हिचे. तिला वरच्या मजल्यावर हलवू नये, तिचे गुडघे दुखतात. तिच्यानंतर घर मुलगा अजिंक्य आणि मुलगी तनुजा यांचे निम्मे निम्मे. तनुजा माणला सासरी सुखात आहे, तिला काय कमी, असे अजिंक्यने म्हणू नये. बँकेतली ठेव सुभद्राबाईची. ती तिने मुलांना विचारून खर्च करायची नाही.

कलम २. माझी हत्यारांची पेटी, काम पकडायच्या व्हाइससकट, जावई जयदीप यांना द्यावी. अजिंक्यला त्यातला एकही पाना ओळखता येत नाही. पेटीत तळाशी ॲल्युमिनियमची एक पट्टी आहे, तिला चामड्याचा पट्टा आणि नट-बोल्ट लावलेला आहे. ती मात्र भंगारात घालावी. ती मी बोट सरळ करायला बनवली होती. कंपनीत वाकलेला शाफ्ट आम्ही दाब देऊन, थोडा थोडा करून सरळ करायचो. बोटाचेही तसेच होईल असे धरून मी रोज नट थोडा आवळत गेलो. बोट हलले नाही, कातडी फाटली आणि पू झाला. डॉक्टर योगिनी म्हणाल्या, "काका, हे लोखंड नाही. तळव्यातल्या गाठीतून ही दोरी झालीय, ती कापूनच काढावी लागते. आधी का नाही आलात?"

आधी का गेलो नाही ते कलम ३ मध्ये येईल.

त्याआधी एक लिहितो, नाहीतर राहून जाईल. देवळातला पुजारी निरंजन प्रसाद देताना दर वेळी चार लोकांत म्हणतो, "आबा, हात उघडा की, का मुठीत काय लपवलंय?" त्याला माझ्या दहाव्याला बोलावू नये. तीर्थ मात्र माझ्या हातातून एक थेंब सांडत नाही, हे त्याला कोणीतरी सांगावे. बाकी हाताचे हालच आहेत. तोंड धुताना बोट डोळ्यात जाते. खिशात घातलेला हात निघत नाही. नमस्काराला तळवे जुळत नाहीत, समोरच्याला वाटते मी काहीतरी धरून आलोय.

कलम ३. रस्त्याकडेची पाच गुंठे जागा, जिच्यावर पत्र्याचे शेड आहे आणि जिचा सातबारा माझ्या एकट्याच्या नावे आहे, तिच्यातली निम्मी जागा माझा चुलतभाऊ साहेबराव किसन पवळे, राहणार तळेगाव दाभाडे, याला द्यावी. उरलेली निम्मी अजिंक्यची.

आमची बाकीची जमीन कारखान्यांना गेली, हा तुकडा राहिला. तो माझे वडील आणि किसनकाका या दोघा भावांचा. काकांनी त्यांचा वाटा वडिलांना तोंडी देऊन टाकला, असे वडिलांनी पंचांपुढे सांगितले आणि खंडोबाच्या देवळात भंडारा उचलून तशी शपथ घेतली. भंडाऱ्यापुढे काका काय बोलणार? ते बायकापोरांना घेऊन तळेगावला गेले. वाटा दिलेला नव्हता हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होते, मलाही.

पुढे वडिलांची दोन बोटे वळली, भंडारा उचलला त्याच हाताची. गावाने कारण लगेच सांगितले. वडील गेले, मग माझ्या तळव्यात वाटाण्याएवढी गाठ आली. ती दुखत नव्हती, पण ती कशाची हे मला कळले. डॉक्टरकडे जाऊन काय सांगणार? दर चंपाषष्ठीला देवाची तळी भरत राहिलो आणि हात टोपीखाली झाकून बसत राहिलो. खरे सांगायचे तर त्यात एक सोयही होती. देव हातातून वसूल करतोय म्हटल्यावर जमिनीचे काही करायला नको, असे मी मनाशी ठरवून टाकले होते.

जखम चिघळल्यावर सुभद्राबाईने मला डॉक्टर योगिनींकडे ओढून नेले. त्यांनी विचारले, "घरात आणखी कुणाला आहे का?" मी म्हणालो, "वडिलांना होतं, पण त्यांचं कारण वेगळं होतं." त्या म्हणाल्या, "कारण वेगळं नसतं काका. हे घराण्यात चालत येतं."

मला ते पटले नाही. यंदा दिवाळीनंतर तळेगावला एका लग्नात साहेबराव भेटला. पंगतीत तो शेजारी बसला आणि डाव्या हाताने जेवू लागला. मी त्याच्या उजव्या हाताकडे पाहिले. तीच दोन बोटे.

"हे कधी झालं रे?" मी विचारले.

"लई वर्सं झाली. मशिनीत सापडलं म्हून सांगतो लोकांना. न्हाईतर म्हणतील, ह्यानंबी कुठंतरी भंडारा उचलला."

"आणि काकांना?"

"दादांचीबी वळली व्हती की म्हातारपणी. ज्यानं उचलला त्याचीबी वळली, ज्याच्या नावानं उचलला त्याचीबी. देवाचा काय हिशेब लागतो व्हय, लक्ष्मणा? खा, जिलबी गार झाली."

तो हसला. मी मात्र हिशेब लावत बसलो. बोटे शपथेमुळे वळली नाहीत, तर मग आजपर्यंत कोणी काहीच फेडलेले नाही. वडिलांनी नाही आणि मीही नाही. जागा तिथेच आहे, आणि तिच्या शेडचे भाडे मी खातो आहे.

घरी येऊन हे सांगितले तेव्हा अजिंक्य म्हणाला, "आबा, ऑपरेशनच्या भीतीनं काहीपण लिहू नका. तिथं मला खोल्या काढायच्यात. एकदा हात सरळ झाला की तुमचं मन पण ठिकाणावर येईल."

मला भूल आणि चाकू यांच्यापेक्षा त्याच्या ह्या बोलण्याची धास्ती जास्त आहे, कारण मी स्वतःला ओळखतो. हात सरळ झाला, निरंजनचे बोलणे थांबले, की मलाही शेडचे भाडे गोड लागेल. बक्षीसपत्र आजच करणार होतो, पण मोजणी झाल्याशिवाय वकील तयार नाहीत आणि सोमवार परवावर आला आहे. वाचलो तर तेही करीन.

माणूस पुढे दुसरे मृत्युपत्र करू शकतो आणि मग तेच चालते, असेही वकील म्हणाले. ह्याला उपाय नाही. म्हणून सुभद्राबाईला सांगून ठेवतो. मी दुसरे लिहायला बसलो तर आधी मला हे मोठ्याने वाचून दाखव, आणि मी चिडलो तरी शेवटपर्यंत वाच.

कलम ४. अजिंक्यच्या उजव्या तळव्यात परवा चहाचा कप घेताना मला गाठ दिसली. त्याने हात मागे घेतला. त्याने आजच हात टेबलावर पालथा ठेवून पाहावा. तळवा पूर्ण टेकला तर काळजी नाही, फक्त डॉक्टरांना दाखवून ठेवावे. टेकला नाही तर माझ्यासारखा वेळ घालवू नये. ही गाठ त्याच्या कुठल्या पापाची नाही. आणि साहेबरावची जागा दिली म्हणून ती जाणारही नाही, तेव्हा त्या आशेने देऊ नये. त्याची आहे म्हणून द्यावी.

माझी सही वाकडी आली आहे. करंगळी कागदाला अडते. ऑपरेशननंतरची सही वेगळी येईल, तरी ही माझीच आहे.

लक्ष्मण सखाराम पवळे

आम्हा दोघांसमोर त्यांनी सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली:
१. डॉ. योगिनी वाडेकर, चिंचवड
२. बबनराव मुऱ्हे, महाळुंगे

ठिकाण: महाळुंगे
शनिवार, दि. १४ डिसेंबर २०२४