भोक पाडलेले राणीचे नाणे

मी थर्झा रेपेट्टो, वय चोवीस, दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन बेटावरच्या शाळेतली शिक्षिका, शुद्धीवर असताना आणि कोणी भरीला न घालता हे लिहीत आहे. उद्याच्या बोटीने मी हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी केपटाउनला निघते. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. पण प्रत्येकाने मृत्युपत्र करावे, असे गावसभेत मीच सांगितले होते आणि माझे इनोक आजोबा सगळ्यांदेखत म्हणाले होते, "आधी तू कर, बाईसाहेब!"

१. पॅचेसमधली, म्हणजे वस्तीबाहेरच्या बटाट्याच्या शेतांतली, माझ्या वाट्याची जमीन भाऊ गॉडफ्री याला. तिथला दगडी बांध त्यानेच पाडला, त्यानेच रचावा.

२. पुस्तके शाळेला. पदवीचे प्रमाणपत्र आईला. घरातले ते पहिलेच म्हणून तिने ते चुलीच्या वर लावले आहे. कृपया धुरापासून हलवावे.

३. ब्रिटनच्या राणीच्या कारकिर्दीला पन्नास वर्षे झाली तेव्हा आमच्या बेटाच्या नावाने चांदीची नाणी निघाली. बहुतेक परदेशी संग्राहकांकडे गेली. एक आजोबांना मिळाले. त्यांनी त्याला भोक पाडून ते गळाच्या दोरीला बांधले, कारण चकाकीवर मासा येतो. शिकून परतल्यावर मी ते पाहिले आणि ओरडले, "अहो, हा आपला इतिहास आहे!"

"राणीच्या तोंडाला धक्का लावलेला नाही," ते म्हणाले. "मागच्या बाजूची आपली होडी तेवढी बुडाली."

मी नाणे काढून शाळेत काचेखाली ठेवले. त्याला दोन वर्षे झाली. तेव्हापासून आजोबा माझ्याशी फक्त चारचौघांत बोलतात. माझ्या पश्चात ते नाणे त्यांना द्यावे.

(कलम ३ खोडले आहे. कारण खाली.)

साक्षीला दोघे लागतात. शेजारच्या डोरीनकाकू आल्या. बाकी गाव बटाटे लावायला गेलेले. उरले आजोबा.

मी म्हटले, "तुमची सही चालणार नाही. ज्याला काही मिळतं, त्याला साक्षीदार होता येत नाही."

"मला काय मिळतंय?"

काकूंनी कलम वाचून दाखवले. आजोबांनी टोपी काढली.

"पोरी, तुझ्यामागे घेऊन काय करू मी ते? मासे मला आत्ता पकडायचेत. आणि खायला तू हवीस."

मी शाळेत जाऊन नाणे आणले आणि त्यांच्या हातात दिले. या कागदाने आता त्यांना काहीही मिळत नाही. काचेखाली मी त्यांच्या गळाचे चित्र ठेवले आहे. ते तिथेच राहू द्यावे.

स्थळ : वस्ती, ट्रिस्टन द कून्या
दिनांक : १४ सप्टेंबर २०१७

सही : थर्झा रेपेट्टो

साक्षीदार :
डोरीन ग्रीन
इनोक रेपेट्टो (सही केली. परत आलीस की हा कागद चुलीत.)