खोटं लग्न लिहायचं नाही

बुधवार, संध्याकाळ. जळगाव.

आज धरणगावला मंडपवाल्या नानांच्या दुकानात आमचं सॉफ्टवेअर बसवलं. कोणतं काम कोणी, कधी करायचं ते सांगणारं, नानांच्याच कम्प्युटरवर चालणारं. बसवणं सोपं व्हावं म्हणून किती डोकेफोड केली होती मी! आणि खरंच, नाना चहा ओतेपर्यंत ते सुरूही झालं. मी खूश. म्हटलं, "नाना, आता कुठलंही एक लग्न टाका, नुसतं बघायला. नंतर पुसून टाकू."

नानांनी कीबोर्डवरचा हात मागे घेतला.

"लगीन लिखीसन पुसी टाकानं? हाई बरं नही, बेटा."

तो मागे घेतलेला हात डोक्यातून जात नाहीये. खरं लग्न ते नवख्या गोष्टीवर सोपवणार नाहीत, खोटं लिहिणार नाहीत. मग वापरून बघणार कसं?

शेवटी त्यांनीच एका बोटाने लिहिलं, 'गोदाम झाडणे'. कोणी करायचं? तिथे बायकोचं, म्हणजे अक्कांचं नाव. त्या मागेच पडद्यांच्या घड्या घालत होत्या. "मन्हं नाव काढा, तुमनं टाका!"

नानांनी हसत नाव बदललं. ते कसं करायचं, मी शिकवलंही नव्हतं!

म्हणजे नमुना म्हणून गोदामच हवं. नव्या लोकांना सॉफ्टवेअरमध्ये दाखवायला मी आधीच नमुन्याचं एक लग्न रचून ठेवलं होतं, रोहन आणि स्नेहाचं. आत्ता ते काढायला बसले, तर माझंच बोट बटणावरून मागे आलं. कोण हे दोघं? कोणीच नाहीत, मीच ठेवलेली नावं.

अजून पुसलेली नाहीत.