वस्तादांचा चढलेला षड्ज

चैत्र व. ५, सोमवार
तेलगावचं लग्न वाजवून परत आलो. गाडीच्या धक्क्यांनी अंग ठेचल्यासारखं झालंय. आमच्या ताफ्याचे सारंगीवाले वस्ताद पुढच्या गाडीत. मागच्यात आम्ही तिघं: मी सतारवाला, वस्तादांचा मेव्हणा दाऊद दुसऱ्या सारंगीचा, नि दिलरुबा वाजवणारा भाऊ गुरव. खोळ बांधता बांधता भाऊ म्हणाला, "दत्तू, म्हाताऱ्याला ऐकू येईना झालंय."
दाऊद भडकला. "आमच्या दूल्हाभाईंबद्दल असं बोलू नगं बे."
मग स्वतःच गाडीबाहेर बघू लागला. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं.
लग्नात वस्तादांचा षड्ज दर चीजेला वर सरकत होता. आम्ही मागोमाग खुंट्या पिळत गेलो. चौघंही बरोबरीनं चढलो, म्हणून मंडपात कुणाला कळलं नाही.

चैत्र व. ८
वस्तादांच्या ओसरीवर तालीम. ते पाठमोरे बसले होते. मी मुद्दाम तांब्या फरशीवर टाकला. मान वळली नाही. दाऊद उठून बाहेर गेला, तोंड धुऊन आला.
हिवाळ्यातल्या तापापासून हे असावं. तिघांनी ठरवलं, बोलायचं नाही. ते जातील तिथं जायचं. अठरा वर्षं त्यांच्याच सुरावर पोट भरलं.

वैशाख शु. ३
दिंद्रुडला बैठक. कापसाचे व्यापारी माना डोलावत होते. एक म्हणाला, "आज लई गोड झालं, वस्ताद." त्याच्या ओठांकडे बघून वस्ताद हसले, आदाब केला.
माझ्या कानात अजून तो बेसूर आहे. जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं, "कावून जेवत न्हाई?" काय सांगू.

वैशाख शु. ११
जहागिरीतून बोलावणं. धाकट्या सरकारांनी हैदराबादेहून पेटी आणली. वाजवणारा मास्तरही सोबत. जिल्ह्याचे तालुकदारसाहेब येणार आहेत, नारायणगडावर मोठी पूजा. पेटी नि आमचा ताफा मिळून वाजवायचं, असा हुकूम.
वस्तादांना पाटीवर लिहून दाखवलं. हल्ली मोठ्यानं बोललेलं त्यांना आवडत नाही, म्हणून माझाच आवाज बसलाय असं सांगून लिहितो. ते म्हणाले, "लाकडाच्या डब्यात मींड कुठली रे? येऊ दे."
सूर ओढत नेणं पेटीला जमत नाही, खरं. पण तिचा सूर हलतही नाही; आमच्यासारखा वस्तादांमागं चढणार नाही.

वैशाख पौर्णिमा
जे व्हायचं ते झालं. सरकारांच्या दिवाणखान्यात तालीम. मास्तरनं षड्ज धरला. वस्तादांनी गज टेकवला तो दोन श्रुती वरच. मास्तर थांबला, पुन्हा धरला. वस्ताद तिथंच. दाऊद वस्तादांबरोबर गेला. भाऊनं गज खाली ठेवला.
मी पेटीबरोबर गेलो.
ठरवून नाही. कानाला जे खरं लागलं तिकडे हात गेला. पण गेला. वस्ताद माझ्या बोटांकडे बघत होते. मी कुठल्या पडद्यावर आहे, कुठं असायला हवं, सगळं त्यांना डोळ्यांनी कळलं. गज उचलून मांडीवर घेतला. सरकार म्हणाले, "काय झालं?" भाऊ खोळ बांधायला लागला.

वैशाख व. १
सकाळी वस्ताद स्वतः माझ्या दारात. आत आले नाहीत.
"कवापास्नं सुटलाय माझा सूर?"
मी बोटांनी महिने दाखवले. तीन.
"आन तुमी समदे माझ्यामागं बेसूर वाजवत फिरलात? तेलगावला? दिंद्रुडला?"
मी ओरडून म्हणालो, तुमच्यासाठी, वस्ताद.
"वरडू नगंस. गावाला कळंल." मग चौकटीला हात टेकून, "बहिरा अल्लानं केला, दत्तू. येडा तुमी केला."
निघून गेले. पायात जोडा उलटसुलट होता. सांगायला हवं होतं.

वैशाख व. ४
सरकारांचा माणूस आला. गडावर तिघांनीच यायचं. दाऊद म्हणाला, दूल्हाभाईंशिवाय सारंगीला हात लावणार न्हाई. भाऊ जातो म्हणाला. "घरात सात तोंडं हायेत, मी काय करू?" त्याचं चूक म्हणवत नाही. मी अजून सांगितलं नाही.
दाऊद माझ्याशी बोलत नाही.

वैशाख व. ८
पूजा झाली. मी गेलो नाही, ताप आहे असं कळवलं. खोटं. भाऊ सांगत होता, तालुकदारसाहेब खूश. मास्तरसोबत एक दिलरुबा पुरला. कुणी सारंगी विचारली नाही, सतारही नाही. सांगताना भाऊ माझ्याकडे बघत नव्हता.
सरकारांनी त्याला कायम ठेवलंय. माझ्याकडून परवापर्यंत निरोप मागितलाय, यायचं असेल तर ये.
म्हणजे ताफा संपला. कुणी मोडला म्हणावं?

वैशाख व. ९
दुपारी वस्तादांनी दाऊदकरवी बोलावलं. गेलो. सारंगी मांडीवर, कानशील तिच्या मानेला घट्ट टेकवलेलं. म्हणाले, "हाडातून जरा येतं. लई दूरचं. तू सतार लावलीस का?"
लावली. त्यांनी गज ओढला.
"बराबर?"
दाऊद मान हलवून हो म्हणायला लागला. वस्तादांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. डोळे माझ्या तोंडावर. मी म्हणालो, न्हाई.
खुंटी फिरवली. "आता?"
न्हाई.
"चढा का उतरा?"
मी हात खाली केला. त्यांनी केसभर ढिली केली, डोळे मिटले, कानशील इतकं दाबलं की कातडी पांढरी पडली. गज ओढला. मग माझ्याकडे बघितलं.
न्हाई, वस्ताद.
ऊन ओसरीवरून अंगणात उतरलं तरी आम्ही तिथंच. दाऊद उठून गेला होता. एकदा लागला असं वाटलं, पण मी सांगेपर्यंत त्यांचा हात पुढं गेला होता. निघताना म्हणाले, "उद्या ये."
सरकारांचा माणूसही निरोप न्यायला उद्याच येणार आहे.