तळघरात कोणी राहत नाही

प्रिय इदालिना,

मी, बेलार्मीनो जुझे फुर्ताडो, वय वर्षे एकोणऐंशी, जन्म पोर्तुगालच्या साओ मिगेल बेटावरचा, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, बटणांच्या कारखान्यातून एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त, या घराचा मालक आणि तुझा जन्मदाता, हे पत्र पूर्ण शुद्धीवर, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हे फोनवर सांगता आले असते, असे तुझी आई म्हणते. परंतु फोनवर मला मध्येच थांबता आले असते.

मंगळवारी सरकारतर्फे मिस हॅनराहन नावाची तरुणी आली होती. कारखान्यात आम्ही ज्या गोड वासाच्या औषधाने बटणांवरचा तेलकटपणा काढत असू, ते वर्षानुवर्षे मागच्या अंगणात ओतले जाई. मुकादमाच्या हुकमावरून मीही बादल्या ओतल्या आहेत. तेच आता वाफ होऊन आपल्या गल्लीतील घरांखाली साचले आहे. तिने तळघराच्या फरशीला बोटाएवढे भोक पाडले, त्यात पितळी नळी बसवली, कडा मातीने लिंपल्या आणि वरची हवा आत शिरत नाही ना, हे नळीवर भांडे पालथे घालून तपासले. मग नळीला हवा काढून घेतलेला पोलादी डबा जोडला. तो चोवीस तास जमिनीखालची हवा हळूहळू ओढत बसला. काम चोख होते. तशा कामाची मला पारख आहे.

हेच काम चार वर्षांपूर्वीही झाले होते. तू आणि जावई तेव्हा तळघरातल्या खोलीत राहत होता आणि तुला नुकतेच दिवस गेले होते. तपासनीस येणार त्या सकाळी मी तुला आईसोबत अमेलिया मावशीकडे पाठवले, ते तुला आठवत असेल. मावशीला बरे नव्हते, असे मी सांगितले होते. मावशी ठणठणीत होती. तुम्ही दोघी गेल्यावर मी तुझ्या पलंगावर बटाट्यांची पोती रचली. त्या मनुष्याने कागद काढून विचारले, तळघरात कोण राहते आणि दिवसाचे किती तास? मी ताठ उभा राहून उत्तर दिले की, तळघरात कोणी राहत नाही, तेथे फक्त सामान असते.

खालची चूल आणि मोरी मी नगरपालिकेच्या परवानगीविना बांधली होती. हे कारण खरे आहे, परंतु अपुरे आहे. आपल्या लोकांची वरची स्वयंपाकघरे पाहुण्यांना दाखवण्यासाठी असतात. आपल्याही वरच्या चुलीवर कधी कांदा परतला गेला नाही. आपण खातो, पितो, भांडतो ते सगळे खाली. हे त्या परक्या मनुष्याला सांगण्याची मला लाज वाटली. फुर्ताडो आपल्या लेकीला जमिनीखाली ठेवतो, असे त्याने लिहून न्यावे, हे मला सोसवले नसते.

शेजारच्या ग्वाल्तेरने खरे ते सांगितले. तो दिवसभर खाली वाइनच्या पिंपाजवळ बसतो. महिन्याभरात त्याच्या घराला फरशीखालून छपरापर्यंत वाफ बाहेर फेकणारा पाइप आणि पंखा बसला. दारुड्याला स्वतःचे धुराडे मिळाले, म्हणून मी त्याची थट्टा केली. तो म्हणाला, “हस लेका, हस! तुझा पडला राजवाडा. तुझ्या तळघरात फक्त उंदीर राहतात ना?” आपल्या फरशीखालच्या वाफेचा आकडा त्याच्याहून मोठा होता. परंतु खाली कोणी राहत नाही, म्हणून आपले घर यादीच्या तळाशी गेले. तसे कळवणारे सरकारी पत्र मी तुम्हा कोणाला दाखवले नाही. पुढे तुझ्या जुझेचा जन्म झाला. त्याच्या हृदयाविषयी डॉक्टरांनी जे सांगितले, ते तुला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. तो अकरा दिवस जगला.

मंगळवारी मिस हॅनराहनने तोच प्रश्न विचारला. माझ्या तोंडी तेच उत्तर आले. तेवढ्यात तुझी आई खालून सुपाचे पातेले घेऊन वर आली आणि म्हणाली, “बेलार्मीनो, भ्रमिष्ट झालास का? सगळा संसार खाली मांडलाय आपला! पोरी, लिही तू. मी सकाळी सहाला खाली जाते, ती झोपायलाच वर येते. आणि लेक इथं राहायची तेव्हा ती रात्रंदिवस तिथंच असायची.” मी खुर्चीवर बसलो. जुझेचा मृत्यू त्या वाफेमुळे झाला का, असे मी त्या मुलीला विचारले. तिने लेखणी खाली ठेवली. “मिस्टर फुर्ताडो, एका बाळाबद्दल असं कुणीच ठामपणे सांगू शकत नाही. पण घरात गरोदर बाई आहे असं कळलं, की आम्ही थांबत नाही. आधी तिला तिथून हलवतो.”

तुझे पत्र त्याआधीच्या शुक्रवारीच आले होते. तुला पुन्हा दिवस गेले आहेत आणि जावयाची रात्रपाळी संपेपर्यंत तू येत्या रविवारी आमच्याकडे राहायला येणार आहेस. तुझ्या आईने खालच्या पलंगावर धुतलेल्या चादरीही घातल्या होत्या. मुली, तू येऊ नकोस. वरच्या मजल्यावरही नको. पाइप बसेल, हवा पुन्हा तपासली जाईल, तो कागद मी तुला पाठवीन. तो वाचल्यानंतरही या घरात पाऊल टाकावेसे वाटले नाही, तर त्याचे कारण मी विचारणार नाही.

तुझाच बाप,
बेलार्मीनो जुझे फुर्ताडो

हे पत्र मोठ्याने वाचले गेले, तेव्हा साक्षीदार म्हणून हजर होते: शेजारी ग्वाल्तेर मेदेरोस, ज्याने ऐकताना डोक्यावरची टोपी काढली, आणि माझी पत्नी देओलिंदा फुर्ताडो, जिने पोत्यांची गोष्ट आज प्रथम ऐकली आणि खाली जाऊन पलंगावरच्या चादरी काढल्या.